सॅन फ्रान्सिस्को मारू: एका सिलिंडरवर जावं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्याचे, स्कूबा डायव्हर. अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट, जोडीला खोल पाण्याची डीप स्पेशालिटी, नावावर साठेक डाइव्ह. पुढच्या वर्षी दहा दिवसांसाठी मायक्रोनेशियातल्या चूकला, म्हणजे पूर्वीच्या ट्रुकला, जायचं ठरलंय आणि डोळ्यांसमोर एकच बुडालेलं जहाज आहे, सॅन फ्रान्सिस्को मारू. चौकशी केली तिथे उत्तर मिळालं की साधी हवा, पाठीवर एक सिलिंडर, बोटीखाली टांगलेला एक जादा सिलिंडर आणि सोबत गाईड, एवढ्यावर होऊन जाईल. तर जावं का, आणि तयारी काय करावी?

"होऊन जाईल" हे खरं आहे. अडचण तीच आहे. दरवर्षी कित्येक जण असेच खाली जातात, रणगाड्यांचे फोटो काढतात, वर येतात आणि रात्री जेवताना हसतखेळत सांगतात. त्यामुळे मी 'नको' म्हटलं की मी घाबरट ठरतो. तरी सांगतो, तुमच्या जागी मी या खेपेला जाणार नाही. एकदा मी तसाच गेलो होतो, म्हणूनच सांगतो.

आधी जहाजाबद्दल, कारण खालचा सगळा हिशेब त्याच्या खोलीवर बेतलेला आहे. 'मारू' हा शब्द जपानी व्यापारी जहाजांच्या नावामागे लागतो. हे मालवाहू जहाज १९१९ साली कोबेच्या कावासाकी गोदीत बांधलं. लांबी साधारण ११७ मीटर, नोंदणीचं ग्रॉस टनेज ५,८०० च्या वर. दुसऱ्या महायुद्धात ट्रुक हा जपानी आरमाराचा पॅसिफिकमधला मोठा तळ होता. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकेच्या नऊ विमानवाहू नौकांवरून उडालेल्या विमानांनी तिथे दोन दिवस बाँबवर्षाव केला. ऑपरेशन हेलस्टोन ते हेच. मोठ्या युद्धनौका आधीच निसटल्या होत्या, सापडली ती बहुतेक मालवाहू जहाजं. तीसहून जास्त जहाजं त्या प्रवाळी कड्याच्या आतल्या शांत पाण्यात गेली. सॅन फ्रान्सिस्को मारू भरलेल्या मालासकट बुडाली आणि तळावर सरळ बसली. पुढच्या डेकवर ९५ टाइपचे तीन हलके रणगाडे आहेत, दोन उजव्या अंगाला, एक डाव्या. पहिल्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, अर्धगोल सुरुंग रचलेले आहेत, दुसऱ्यात ट्रक आणि पिंपं, मागच्या होल्डांमध्ये टॉर्पेडो आणि पाणबुडीविरोधी बाँब. ब्रिजचा, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीचा, वरचा भाग ४० मीटरच्या थोडा खाली, रणगाडे ५० च्या आसपास, समुद्रतळ ६० च्या पलीकडे. आमच्याकडचे तांडेल अजून वावात मोजतात. ५० मीटर म्हणजे सत्तावीस वाव. हे आकडे ऐकले की मालवणातला कुठलाही म्हातारा मच्छीमार आधी विचारेल, "आणि वर कसो येतलंस?" प्रश्न बरोबर आहे.

आता तुमचा सिलिंडर. वही-पेन घ्या, कारण या डाइव्हचा निर्णय हॉटेलच्या टेबलावर होतो, पाण्यात होत नाही.

चूकला मिळणारा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर म्हणजे ११ लिटर. २०० बार दाबाने भरला तर २,२०० लिटर हवा. शांत, सराईत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरू. ५० मीटरवर दाब सहा पट, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. खाली जायला अडीच मिनिटं, त्यात गेले १७५. रणगाड्यांपाशी फक्त १२ मिनिटं थांबलात तर १,४४०. उरले ५८५ लिटर, म्हणजे गेजवर ५३ बार. मिनिटाला ९ मीटर या चालीने ६ मीटरपर्यंत येताना आणखी ३७० जातात. सहा मीटरवर पोचलात तेव्हा हातात १९ बार, आणि डेकोचे थांबे, म्हणजे अंगात विरघळलेला वायू हळूहळू निघावा म्हणून वाटेत थांबायचं ते, अजून सुरूही झालेले नाहीत. त्यासाठीच तो बोटीखाली टांगलेला सिलिंडर.

कागदावर जमतंय. पण तुमच्या साठ डाइव्ह आहेत. नवं जहाज, अंधारलेलं पाणी, मनात धाकधूक. २० ऐवजी २५ लिटर धरा. प्रवाह असेल किंवा फ्लॅश बिघडला तर तेवढे सहज लागतात. मग तळ सोडताना १८० लिटर उरतात आणि ४० मीटरच्या जवळपास कुठेतरी सिलिंडर रिकामा होतो. डोक्यावर ४० मीटर पाणी, आणि टांगलेला सिलिंडर बोटीखाली, तुमच्यापासून दहा मजल्यांवर.

या हिशेबात बडीचा, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराचा, श्वास धरलेलाच नाही. त्याचा रेग्युलेटर, म्हणजे तोंडाला हवा पुरवणारं यंत्र, फ्री-फ्लो झाला आणि हवा आपोआप वाहून जायला लागली तर? दोघांनी एका सिलिंडरवर वर यायचं तर हवा कुठून आणणार? आम्ही शिकवताना किमान राखीव काढतो ते असं: दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, तळावर दोन मिनिटं गोंधळ, मग थांब्यांसाठीचा पहिला जास्त ऑक्सिजनचा वायू (डेको गॅस) २१ मीटरवर मिळेपर्यंतची चढण. ५० मीटरसाठी हे साधारण १,६०० लिटर होतं. तुमच्या ११ लिटरच्या सिलिंडरला म्हणजे जवळजवळ दीडशे बार. गेजवर दीडशे दिसले की वर निघायचं, तर तुम्ही रणगाड्यापाशी पोचून तीनेक मिनिटांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. हेच १,६०० लिटर बारा-बारा लिटरच्या ट्विनसेटवर, म्हणजे पाठीवरच्या जोड-सिलिंडरवर, जेमतेम ७० बार होतात आणि डाइव्ह शक्य होते. एक सिलिंडर चालत नाही म्हणतो ते एवढ्यासाठी. यात हिमतीचा संबंध नाही.

गाईडवर राग धरू नका. चूकचे गाईड ही जहाजं आपल्या अंगणासारखी ओळखतात, आणि त्यांच्या अंगाला ती खोली सरावाने पडलेली असते. तो तुम्हाला मनापासून सांगतो की मी बघून घेतो. पण त्याच्या मागे तुमच्यासारखे चार जण असतात आणि त्याच्या पाठीवरही एकच सिलिंडर असतो.

आता हवेकडे येऊ. माझी गोष्ट सांगायची ती इथेच.

मी सॅन फ्रान्सिस्को मारूवर पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या तीनशेच्या वर डाइव्ह झाल्या होत्या. ट्विनसेट होता, डेको सिलिंडर होता, पण आत साधी हवा होती, कारण हेलियमला पैसे मोजायची तयारी नव्हती. दोरीने उतरताना तिशीनंतर निळं पाणी हळूहळू करडं व्हायला लागलं आणि खालून डेकची कड पुढे आली. मला बरं वाटत होतं. फारच बरं. उजव्या बाजूला एकावर एक रेललेले ते दोन रणगाडे, स्पंजाने मढलेली तोफेची नळी, तिच्या टोकाशी एवढासा लाल मासा. मी स्लेट काढली आणि लिहायला लागलो, कारण जहाजाचा आराखडा करायचं माझ्या डोक्यात होतं. गेज बघितला. परत ठेवला. मग आठवेना की किती होता, म्हणून परत बघितला. असं किती वेळा केलं माहीत नाही. बडीने खांद्यावर थाप मारून अंगठा वर केला, म्हणजे 'वर चल' अशी खूण केली, तेव्हा मला त्याचा रागच आला, आत्ता तर आलोय म्हणून.

बोटीवर स्लेट काढली. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'रणगाडे ४'. खाली रेघ मारून पुन्हा: 'रणगाडे ४, नक्की'. जहाजावर तीन रणगाडे आहेत. चौथा मी कुठे पाहिला ते मला आजही सांगता येणार नाही, पण त्या वेळी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

नायट्रोजनची नशा अशी असते. भांगेसारखी झिंग चढल्याचं कळलं असतं तर बरं होतं, माणूस सावध झाला असता. पण इथे कळतच नाही. आणि ज्या मेंदूने रणगाडे चार मोजले त्याच मेंदूने मी हवा मोजत होतो. "मला नार्कोसिस होत नाही" म्हणणारा माणूस भेटला की मी त्याला ती स्लेट दाखवतो.

नशेबद्दल सगळ्यांना माहीत तरी असतं. हवेच्या दाटपणाबद्दल फार जण बोलत नाहीत. ५० मीटरवर हवा सहा पट दाट होते, लिटरला साडेसात ग्रॅमच्या वर. श्वसनावर काम करणारे संशोधक सांगतात की ५.२ च्या आत राहावं आणि ६.२ ओलांडूच नये. इतका दाट वायू छातीतून आत-बाहेर करायला कष्ट पडतात. शांत तरंगताय तोवर काही वाटत नाही. पण पाय मारून प्रवाहाविरुद्ध चार मीटर गेलात की कार्बन डायऑक्साइड अंगात साचायला लागतो. तो साचला की श्वास लागतो, श्वास लागला की आणखी जोरात ओढावासा वाटतो, आणि नशाही दुणावते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा घाबरला. घाबरलेला नसतो, त्याला धाप लागलेली असते आणि ती थांबत नाही. रेग्युलेटर कितीही महागाचा असो, वायूचा दाटपणा तो कमी करत नाही.

यावर उपाय हेलियम. मी आता तिथे अठरा-पंचेचाळीस वापरतो, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. ५० मीटरवर त्याचा दाटपणा लिटरला पाच ग्रॅमच्या आत येतो आणि डोकं जेमतेम २३ मीटरवर असावं तसं चालतं. दुसऱ्या खेपेला या मिश्रणावर गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की डेक किती मोडलेला आहे आणि ब्रिजची काय अवस्था झालीय. पहिल्या वेळी हे सगळं डोळ्यांसमोर होतं, दिसलं मात्र नव्हतं. हेलियम महाग आहे, चूकसारख्या बेटावर तर तो जहाजाने येतो आणि कधी संपलेलाही असतो. त्यामुळे आधी पत्र पाठवून, किती लिटर लागेल ते सांगून, लेखी होकार घ्या. तिथे गेल्यावर "या आठवड्यात हेलियम नाही" असं कळलं तर जहाज बदला. मिश्रण बदलू नका.

ऑक्सिजनबद्दल एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. चूकला कमी खोलीच्या जहाजांसाठी नायट्रॉक्स ३२, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, सर्रास मिळतं आणि ते उत्तम आहे. पण तोच सिलिंडर चुकून ५० मीटरवर नेलात तर ऑक्सिजनचा दाब १.९ बारच्या वर जातो. आपण १.४ धरतो, थांब्यावर स्वस्थ असताना १.६. त्यापुढे झटके येऊ शकतात, पूर्वसूचना असेलच असं नाही, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातला रेग्युलेटर सुटणं. डेकोसाठी न्याल त्या ५० टक्के ऑक्सिजनच्या सिलिंडरचं तर विचारूच नका, तो २१ मीटरच्या खाली विष आहे. म्हणून प्रत्येक सिलिंडर स्वतः अ‍ॅनालाइझ करायचा, दुकानदाराने केलाय म्हणाला तरी. पट्टी चिकटवून त्यावर तो जास्तीत जास्त किती मीटरवर चालतो तो आकडा ठळक लिहायचा, '२१' किंवा '६', बडीला दोन हातांवरून वाचता येईल एवढा मोठा. माझ्या ओळखीतल्या एका अनुभवी डायव्हरने घाईत चुकीचं माउथपीस तोंडात धरलं होतं. बडीने तो आकडा वाचला म्हणून तो आज नातवंडं खेळवतोय.

आता "वर कसो येतलंस". ५० मीटरवर हवेने पाच-सात मिनिटंच राहिलात तर सरळ वर येता येतं, त्यापुढे अंगात विरघळलेला वायू थांबे मागायला लागतो. २० मिनिटं तळावर काढायची तर हेलियमचं मिश्रण, २१ मीटरपासून ५० टक्के आणि ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन, एवढं सगळं घेऊनही वर यायला साधारण अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात तुमच्या डोक्यावर छत असतं, फक्त ते दिसत नाही. वर स्वच्छ उजेड, बोटीचं बूड दिसतंय, आणि जाता येत नाही. नवख्या माणसाला जहाजाच्या आतल्या काळोखाची भीती वाटते. मला या उजेडाची जास्त वाटते, कारण तो बोलावतो. इंजिन रूममध्ये अडकलेला माणूस निदान अडकलाय हे जाणतो.

म्हणून या डाइव्हसाठी खरं कौशल्य लागतं ते ६ मीटरवर पंधरा मिनिटं एका जागी, दोरीला न लोंबकळता, अर्धा मीटरही वरखाली न होता थांबण्याचं. सोबत मास्क काढायचा, सिलिंडर बदलायचा, खुणेचा फुगा (बॉय) वर सोडायचा. हे तुम्हाला आज जमतंय का? तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड बेटाजवळ दहा मीटरवर करून बघा. तिथली दृश्यता वाईट असते म्हणून लोक नाकं मुरडतात, पण या सरावासाठी गढूळ पाण्यासारखा मास्तर नाही. बडीला थोड्या अंतरावरून व्हिडिओ काढायला सांगा. स्वतःचे पाय बघून बहुतेक जण गप्प होतात.

कोर्सचं म्हणाल तर मनोरंजनाच्या डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर आहे आणि तुमची डीप स्पेशालिटी तिथे संपते. पुढे डेको प्रोसीजर्सचा कोर्स, मग ६० मीटरपर्यंतचा ट्रायमिक्स, म्हणजे हेलियमच्या मिश्रणाचा. दोन्हींच्या मध्ये किमान पन्नास डाइव्ह ट्विनसेटवर. मॅनिफोल्डच्या, म्हणजे दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीच्या, खुट्ट्या पाठीमागे हात घालून न बघता बंद करता आल्या पाहिजेत, झोपेतून उठवलं तरी. दीड-दोन वर्षं धरा. सलग दहा दिवसांत दोन्ही कोर्स उरकून देतो म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका.

होल्डमध्ये शिरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथे गेल्यावर मोह होईलच. दुसऱ्या होल्डच्या तोंडावरून खाली बघा, पुरे. पहिल्या होल्डमधल्या सुरुंगांना ऐंशी वर्षं झाली म्हणून ते मेले असं समजू नका. जपानी दारूगोळ्यात पिक्रिक अ‍ॅसिड वापरलेलं असे आणि ते धातूशी संयोग पावून जुनं झाल्यावर जास्तच चिडकं होतं. कशालाही हात लावू नये. उचलून आणणं तर तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. आणि ही माणसांची जहाजं होती हेही लक्षात असू द्या. जवळच्याच आयकोकू मारूवरून जपानी पथकांनी अस्थी वर काढून दहन केलं. तिथे कवटीसोबत फोटो काढणारे मी पाहिलेत, त्यांच्याशी एका टेबलावर जेवलो नाही.

प्रवासाचं एक, कारण यात आपले लोक हमखास फसतात. चूकला जाणारं विमान बहुधा ग्वामवरून जातं आणि ग्वाम अमेरिकेचा भाग आहे. भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. बुकिंगआधी तो हातात हवा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी पुरते २४ तास ठेवा. डायव्हिंगचा विमा घ्या, ज्यात हवाई रुग्णवाहिका धरलेली असेल असाच, कारण बेंड्स, म्हणजे अंगातला वायू नीट न निघाल्याने होणारा आजार, गंभीर असले तर हजार किलोमीटरवरच्या ग्वामला हलवायची वेळ येऊ शकते.

मग या खेपेला करायचं काय? तिकीट रद्द करू नका. फुजिकावा मारूवर दोन दिवस घालवा, तिच्या होल्डमध्ये जपानी झिरो लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत आणि डेक विशीच्या आत आहे. कुशीवर पडलेल्या हेयान मारूवर पाणबुड्यांचे पेरिस्कोप आहेत, ते बघा. रिओ दे जानेरो मारूमध्ये बिअरच्या बाटल्यांचे खोके आहेत, आमच्या ग्रुपमधल्या एकाने ते मोजायचा प्रयत्न केला होता, हवेवर, आणि त्याचाही आकडा कुणाशी जुळला नाही. आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, अंग सरावलं की निप्पो मारू. तिच्या डेकवर, ब्रिजच्या जरा पुढे, तसाच ९५ टाइपचा रणगाडा उभा आहे, त्याच बनावटीचा, आणि तो ४० मीटरच्या आत आहे. तुमच्या सर्टिफिकेटात बसतो, पन्नासपेक्षा त्या खोलीवर डोकंही जास्त जाग्यावर असतं, आणि एका सिलिंडरचा हिशेब थांबायला थोडी मिनिटं देऊन सुटतो. मी वर मांडला तसाच, ४० मीटर धरून आज रात्री करून बघा. तिथे दाब पाच पट आहे आणि वर यायला मध्ये गॅस बदलायचा नाही, सगळी चढण त्याच सिलिंडरवर. राखीव किती निघतो ते मला कळवा, तपासून देतो.